‘आनंदाचे रसायन’ आणि प्रयोगशाळेतील उंदीर

१० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला की नाशिकमधील महाविद्यालये, ज्येष्ठ नागरिक संघ आणि सोसायट्यांची सभागृहे यांतून व्याख्यानांची रांग लागते. त्यांपैकी बहुतेकांत एक विधान हमखास ऐकू येते: सेरोटोनिन हे आनंदाचे रसायन आहे, मेंदूत ते कमी पडले की नैराश्य येते आणि गोळी घेतली की ती तूट भरून निघते. एका दवाखान्यात नंबर येईपर्यंत बसलो असताना हातात आलेल्या घडीपत्रकावर तर याचे चित्रच होते. डावीकडे दोन चेतापेशींच्या मध्ये सेरोटोनिनच्या नारिंगी ठिपक्यांची गर्दी आणि खाली हसरा चेहरा, उजवीकडे मोजके चार ठिपके आणि खाली रडका चेहरा. कोणी पुरावा विचारलाच, तर ‘उंदरांवर प्रयोग झाले आहेत’ असे सांगितले जाते आणि विषय तिथेच मिटतो. प्रयोग झाले आहेत, यात शंका नाही. गेली पन्नासहून अधिक वर्षे ते चालू आहेत आणि त्यांतले काही अतिशय काटेकोर आहेत. मात्र त्या उंदरांनी जे दाखवले आणि पत्रकातले ठिपके जे सांगतात, त्यांचा एकमेकांशी फारच थोडा संबंध आहे. जनजागृतीच्या नावाखाली ही तफावत झाकणे आता थांबले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सेरोटोनिनचा शोध लागला तेव्हा त्याचा आनंदाशी काही संबंध असेल असे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. इटलीत व्हित्तोरियो एर्स्पामेर यांना १९३० च्या दशकात ते आतड्यात सापडले, तर अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी १९४८ मध्ये ते रक्तातून वेगळे काढले. रक्तवाहिन्या आकुंचित करणारा पदार्थ म्हणूनच त्यांना त्यात रस होता. मेंदूत ते असल्याचे बेटी ट्वारॉग यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवले. आजही शरीरातील ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यातच असते आणि तेथून ते मेंदूत शिरू शकत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर त्याला ओलांडता येत नाही. त्यामुळे रक्तातील सेरोटोनिन मोजून नैराश्याचे निदान करून देतो असे कोणी सांगत असेल, तर त्याला खुशाल हात जोडावेत. मेंदूतले सेरोटोनिन मेंदूतच तयार होते, मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातील राफे नावाच्या केंद्रकांत, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यांत. तेथील चेतापेशींची संख्या उंदरात काही हजार आणि माणसात काही लाख, म्हणजे एकूण मेंदूच्या मानाने नगण्य. पण त्यांचे तंतू मेंदूच्या जवळजवळ प्रत्येक भागात पोहोचलेले असतात. एवढ्या थोड्या पेशी एवढ्या दूरवर कशासाठी हात पसरतात, हे जाणून घेण्याचा एक मार्ग म्हणजे त्या पेशी नष्ट करून प्राण्याचे काय होते ते पाहणे.

हे नष्ट करणे बोलायला सोपे आणि करायला नाजूक आहे. उंदराला भूल देऊन त्याचे डोके एका चौकटीत घट्ट बसवतात, कवटीला बारीक छिद्र पाडतात आणि मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळीत किंवा थेट राफे केंद्रकात ५,७-डायहायड्रॉक्सीट्रिप्टामाइन या विषाची अत्यल्प मात्रा हळूहळू सोडतात. हे विष दिसायला सेरोटोनिनसारखे असल्यामुळे सेरोटोनिनच्या पेशी ते आत ओढून घेतात आणि मरतात. अडचण अशी, की नॉरॲड्रेनॅलिन या दुसऱ्या एका मेंदूरसायनाच्या पेशीही त्याला फसतात. म्हणून आधी डेसिप्रामीन हे औषध देऊन त्यांची दारे बंद करावी लागतात. दुसरी पद्धत विध्वंसाची नाही, उपासमारीची आहे. १९६६ मध्ये को आणि वाइसमन यांनी दाखवले, की पॅराक्लोरोफेनिलॲलनीन हे द्रव्य टोचले तर सेरोटोनिन बनवणारे विकर (एन्झाइम) काही दिवस बंद पडते. पेशी जिवंत राहतात, त्यांचा माल मात्र संपतो. दोन्ही मार्गांनी सेरोटोनिनहीन झालेला उंदीर आपण ‘दुःखी’ म्हणू तसा दिसत नाही. तो खातो, फिरतो, अनेकदा अधिकच फिरतो. १९७० च्या दशकातील नोंदींत काही उंदीर (म्हणजे रॅट) पिंजऱ्यात सोडलेल्या माऊसला, म्हणजे उंदराच्याच लहान प्रजातीला, मारू लागल्याचे, काहींची झोप बिघडल्याचे, काहींना किरकोळ धक्क्याने अधिक दचकायला होत असल्याचे आढळते. शिक्षेच्या भीतीने एरवी जी कृती टाळली जाते, ती असे उंदीर करून बसतात, हे निरीक्षण तर वारंवार आले आणि त्यातूनच पुढचे सर्वांत फलदायी प्रयोग उभे राहिले.

त्यांतला एक प्रयोग तपशिलाने पाहण्याजोगा आहे. केंब्रिजमध्ये १९८० च्या दशकात ट्रेव्हर रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी रूढ केलेली एक पेटी असते. तिची एक भिंत किंचित वळलेली असून तिच्यात ओळीने पाच खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत एक छोटा दिवा असतो. समोरच्या भिंतीत खाण्याचा कप्पा असतो. अर्धपोटी ठेवलेला उंदीर कप्प्याच्या झडपेला नाक लावून फेरी सुरू करतो आणि मग त्याला पाच सेकंद थांबावे लागते. त्यानंतर पाचांपैकी एखाद्या खाचेत अर्धा सेकंद दिवा लागतो. त्याच खाचेत नाक घातले तर खाण्याची एक गोळी मिळते. दिवा लागण्यापूर्वीच एखाद्या खाचेत नाक खुपसले, तर पेटीत काही सेकंद अंधार होतो आणि ती फेरी वाया जाते. हे सगळे शिकवायला अनेक आठवडे लागतात, पण शिकलेला उंदीर विलक्षण तरबेज होतो: तो भिंतीसमोर येऊन उभा राहतो, डोके या खाचेकडून त्या खाचेकडे फिरवत राहतो आणि दिवा लागताच झेपावतो. अशा तयार उंदरांच्या मेंदूतील सेरोटोनिनच्या पेशी विषाने मारल्या, तेव्हा १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॅरिसन, एव्हरिट आणि रॉबिन्स यांच्या अभ्यासात असे आढळले, की दिवा कोठे लागला हे ओळखण्याची त्यांची अचूकता शाबूत राहिली. त्यांची भूक गेली नव्हती आणि शिकलेलेही विसरले नव्हते. दिवा लागण्याआधीच नाक खुपसण्याचे प्रमाण मात्र ठळकपणे वाढले. त्या पाच सेकंदांत धीर धरणे त्यांना जमेनासे झाले होते.

एवढ्यावर ‘सेरोटोनिन म्हणजे संयमाचे रसायन’ अशी नवी पाटी रंगवायला कोणी निघेल, तर उंदीर तेही करू देत नाहीत. केंब्रिजच्याच एका गटाने २००९ मध्ये दाखवले, की एखादी कृती सुरू झाल्यावर आवाज ऐकून ती मध्येच थांबवण्याची क्षमता सेरोटोनिन संपवल्यावरही जशीच्या तशी राहते. म्हणजे वाट पाहणे आणि चालू कृतीला लगाम घालणे, ज्यांना आपण सर्रास एकच आत्मसंयम समजतो, त्या मेंदूच्या दृष्टीने दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. लगेच मिळणारी एक गोळी आणि थोड्या वेळाने मिळणाऱ्या जास्त गोळ्या यांतून निवड करायला लावली, तेव्हा काही प्रयोगशाळांतील सेरोटोनिनहीन उंदीर उतावळे ठरले, तर काहींतील उंदरांच्या निवडीत फरकच पडला नाही. आणि सर्वांत गैरसोयीचा निष्कर्ष डॅली आणि सहकाऱ्यांचा, २००२ मधला: कोणतीही इजा न केलेल्या निरोगी उंदरांत, जे मुळात अधिक उतावळे होते, त्यांच्या मेंदूच्या अग्रभागात सेरोटोनिनचे स्रवण कमी आढळले नाही, उलट जास्त आढळले. सगळ्या मेंदूतून एखादे रसायन पुसून टाकणे आणि जिवंत मेंदूच्या एका कोपऱ्यात ते कमीजास्त होणे, यांचा परिणाम एकाच सरळ रेषेवर मांडता येत नाही. शिवाय इजा झालेला मेंदू स्वस्थ बसत नाही. उरलेल्या पेशी जास्त काम करू लागतात, पेशींवरचे रसायन टिपणारे ग्राहक (रिसेप्टर) अधिक संवेदनशील होतात, काही तंतू पुन्हा वाढतात. शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने तपासलेला उंदीर आणि दोन महिन्यांनी तपासलेला उंदीर हे प्रयोगाच्या दृष्टीने दोन वेगळे प्राणी आहेत.

आता पत्रकातल्या रडक्या चेहऱ्याकडे वळू. उंदराचे नैराश्य मोजण्यासाठी सर्वाधिक वापरली गेलेली कसोटी पोर्सोल्ट यांनी १९७७ मध्ये मांडली: पाण्याने भरलेल्या काचेच्या नळकांड्यात उंदराला सोडायचे आणि तो किती वेळ हातपाय हलवणे सोडून नुसता तरंगतो, ते मोजायचे. तरंगणे म्हणजे हताश होणे, असा तिचा अर्थ लावला गेला. सुटका नाही हे कळल्यावर शक्ती राखून ठेवणे हा शहाणपणाही असू शकतो, हा आक्षेपही तितकाच जुना आहे. पण कसोटी घटकाभर मान्य केली, तरी निकाल काय आहे? पॅराक्लोरोफेनिलॲलनीन देऊन सेरोटोनिन आटवलेले उंदीर केवळ त्यामुळे जास्त तरंगत नाहीत. फ्लुऑक्सेटीन हे सेरोटोनिनवर काम करणारे नैराश्यविरोधी औषध दिले असता सामान्य उंदरांचे तरंगणे कमी होते. सेरोटोनिन आटवलेल्या उंदरांत मात्र हा परिणाम दिसत नाही. जन्मापासून मेंदूत सेरोटोनिन तयारच होणार नाही असे जनुकीय बदल केलेले माऊस आता उपलब्ध आहेत. ते आक्रमक असतात, वाढीला मागे पडतात, त्यांच्या माद्या पिलांकडे दुर्लक्ष करतात, परंतु २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नैराश्याच्या नेहमीच्या कसोट्यांवर ते इतरांपेक्षा अधिक ‘निराश’ ठरले नाहीत. माणसातही चित्र याच्याशी जुळणारे आहे. ट्रिप्टोफॅन हे सेरोटोनिनचे कच्चे द्रव्य वगळलेले पेय पाजून काही तासांसाठी सेरोटोनिनची निर्मिती घटवली, तर निरोगी माणूस बहुधा खिन्न होत नाही. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या औषधांनी नुकत्याच बऱ्या झालेल्या रुग्णांपैकी अनेकांची लक्षणे मात्र तात्पुरती परततात. औषधाचा रस्ता सेरोटोनिनवरून जातो, एवढे यावरून निश्चित होते. आजाराचे उगमस्थान तेथेच आहे, हे त्यावरून ठरत नाही.

द्वारका चौकातला वाहतूक पोलीस तासभर हलवला आणि वाहनांची रांग मुंबई नाक्यापर्यंत पोहोचली, तर पोलीस म्हणजे वाहनांचे इंधन असा निष्कर्ष कोणी नाशिककर काढणार नाही. काढून घेतल्यावर काय बिघडते, यावरून ती वस्तू काय करत होती याचा अंदाज बांधता येतो, पण फार जपून. येथे तर आणखी दोन उड्या आहेत. एक उडी प्रजातीची. एमडीएमए या नशेच्या द्रव्याचे उदाहरण घ्या: रॅटमध्ये ते सेरोटोनिनच्या तंतूंना इजा करते, तर त्याच्याच चुलतभावासारख्या माऊसमध्ये इजा प्रामुख्याने डोपामिन या वेगळ्याच मेंदूरसायनाच्या तंतूंना होते. दोन उंदरांत जर इतकी तफावत, तर उंदरावरून माणसावर उडी घेताना पाय किती सांभाळून टाकावा लागेल? दुसरी उडी लिंगाची, आणि तिच्याबद्दल क्वचितच बोलले जाते. नैराश्य स्त्रियांत पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळते, मात्र २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार मेंदूविज्ञानातील एकाच लिंगाच्या प्राण्यांवर झालेल्या अभ्यासांत नरांचे माद्यांशी प्रमाण साडेपाचास एक असे होते. ज्यांना हा आजार अधिक होतो, त्यांच्याबद्दलचा पुरावा ज्यांना कमी होतो त्यांच्याकडून गोळा करण्याची ही पद्धत कोणत्याही न्यायालयात टिकली नसती.

यावर माझे काही डॉक्टर मित्र जे उत्तर देतात, ते हलक्यात घेण्यासारखे नाही. त्यांचे म्हणणे असे, की हे सर्व बारकावे परिषदेत ठीक आहेत. निफाडहून मुलाला घेऊन आलेल्या बापाला ‘देवऋषीकडे नेऊ नका, हा मेंदूतल्या रसायनाचा आजार आहे’ एवढे सांगितले तर तो उपचाराला तयार होतो, मुलगा आळशी किंवा बाधा झालेला ठरत नाही, मग अर्धसत्य असले तरी त्याने बिघडले कुठे? हा युक्तिवाद कळकळीतून आलेला आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत बहुतेक मानसिक आजारांत उपचाराविना राहिलेल्यांचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक निघाले होते, हे पाहता लोकांना दवाखान्याच्या पायरीपर्यंत आणणारे कोणतेही वाक्य मोलाचे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हे वाक्य खरोखर ते काम करते का, हे तपासले गेले आहे. अमेरिकेत १९९६ ते २००६ या दहा वर्षांत मानसिक आजार मेंदूतील बिघाडामुळे होतात असे मानणाऱ्यांचे प्रमाण वाढले, उपचाराला पाठिंबाही वाढला; पण अशा रुग्णाला शेजारी, सहकारी किंवा सोयरा म्हणून स्वीकारण्याची तयारी मात्र वाढली नाही. पुढच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित कलही असाच आहे: रासायनिक किंवा आनुवंशिक कारण सांगितले की रुग्णाला दोष देणे कमी होते, पण तो बरा होईल हा विश्वासही कमी होतो. आपल्याकडे याचा अर्थ काय होतो, हे स्थळे पाहणाऱ्या कोणत्याही घरात विचारावे. ‘मध्यंतरी तिला फार ताण झाला होता, आता ठीक आहे’ हे ऐकून घेणारी माणसे ‘तिच्या मेंदूत रसायन कमी आहे’ हे ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारतात तो ‘घरात आणखी कोणाला आहे का?’ हा.

अर्धसत्याची दुसरी किंमत ते उघडे पडते त्या दिवशी मोजावी लागते. २०२२ मध्ये मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी मानवी अभ्यासांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध करून नैराश्य आणि सेरोटोनिनची कमतरता यांच्यातील संबंधाला सातत्यपूर्ण पुरावा नसल्याचे मांडले. त्यावर मतभेद झाले, होत आहेत. पण मानसोपचाराच्या अभ्यासकांना त्यात धक्का बसण्यासारखे फारसे नव्हते. धक्का बसला तो पत्रकातल्या नारिंगी ठिपक्यांवर विश्वास ठेवून गोळ्या घेणाऱ्यांना. तूटच नव्हती तर गोळी कशाला, हा प्रश्न त्यांच्या जागी अगदी रास्त होता, आणि अशा वेळी मनानेच गोळी बंद केली तर चक्कर, अस्वस्थता, झोपेचा बोजवारा आणि मूळ आजार उलटण्याचा धोका त्यांच्याच वाट्याला येतो. वस्तुस्थिती अशी, की या औषधांची उपयुक्तता तुटीच्या सिद्धान्तावर कधीच उभी नव्हती. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ५२२ चाचण्यांच्या आणि १ लाख १६ हजारांहून अधिक रुग्णांच्या विश्लेषणात तपासलेली सर्व २१ नैराश्यविरोधी औषधे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा (प्लासिबो) सरस ठरली; परिणामाचा आकार सरासरीने मध्यमच होता, तरी तो होता. सेरोटोनिनच्या वहनावर गोळीचा परिणाम काही तासांत सुरू होतो आणि मनाला उभारी यायला दोनचार आठवडे लागतात, ही एक गोष्टसुद्धा ‘टाकी भरली, गाडी चालली’ या समजुतीला पुरेशी अडचणीची आहे. मधल्या काळात मेंदूत नेमके काय घडते यावर संशोधन चालू आहे, आणि तसे रुग्णाला सांगण्यात डॉक्टरचा कमीपणा नाही.

या वादात उंदराचीही एक बाजू आहे. भारतात असे प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आणि १९९८ च्या नियमांनुसार, संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीच्या परवानगीनेच करता येतात. त्या परवानगीमागचा विचार हा, की प्राण्याला होणाऱ्या त्रासाच्या बदल्यात काही खरे ज्ञान मिळावे. मी अशा प्रयोगांच्या सरसकट विरोधात नाही. वर सांगितलेली पाच खाचांची पेटी नसती तर उतावळेपणाचे प्रकार वेगळे करता आले नसते. पण कवटी उघडून, विष सोडून, आठवडेच्या आठवडे खपून जे हाती आले ते बाजूला ठेवायचे आणि जे हाती आलेच नाही ते त्याच प्राण्याच्या नावावर खपवायचे, हा त्या परवानगीचा गैरवापर आहे, भले तो समितीच्या कक्षेबाहेर होत असो.

आणखी एका मोहाचा उल्लेख नाशिकमध्ये बसून लिहिताना टाळता येत नाही. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागा गारपिटीत झोपल्या किंवा लासलगावला कांद्याचा भाव पडला, की शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या येतात आणि त्यांत कीटकनाशकाचा उल्लेख वारंवार असतो. उतावळ्या उंदराच्या प्रयोगावरून ‘क्षणिक आवेगाचे रसायन’ असा धागा येथे आणून जोडणे फार सोपे आहे. तसे जोडलेले मी ऐकलेही आहे. ही तीच उडी आहे, फक्त तिची दिशा बदललेली. पाच सेकंद न थांबू शकणारा भुकेला उंदीर आणि कर्ज, पाऊस, बाजार यांच्या कात्रीत वर्षानुवर्षे असलेला माणूस यांच्यात सेरोटोनिनचा पूल बांधण्याइतका पुरावा आपल्याकडे नाही, आणि तो बांधला की कर्ज व बाजार हे विषय अलगद बाजूला पडतात. घातक कीटकनाशके सहज हाती लागू नयेत यासाठी उंदराची साक्ष काढण्याची गरजही नाही. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि पुढच्या सुमारे दोन दशकांत तेथील आत्महत्यांचा दर जवळजवळ ७० टक्क्यांनी उतरला; हा माणसांमधला, माणसांसाठीचा पुरावा आहे आणि धोरणकर्त्यांना तो पुरेसा असायला हवा.

मग सांगायचे काय? महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आपल्याच शहरात, म्हसरूळला आहे, आणि राज्यभरातील वैद्यकीय, आयुर्वेद, होमिओपॅथी व परिचर्या महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. मानसिक आजारांविषयी एक प्रमाण मराठी पत्रक तयार करून ते या सर्व महाविद्यालयांच्या रुग्णालयांतून आणि शिबिरांतून वाटण्याचे काम या विद्यापीठाने अंगावर घ्यावे, अशी माझी मागणी आहे. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींनी ठेवून दिलेल्या चकचकीत कागदांवर आपण अजून किती काळ भागवणार? त्या पत्रकात चित्र नसले तरी चालेल. नैराश्याची कारणे अनेक असतात, घरातली, कामातली, शरीरातली, आणि कोणत्याही एका रसायनाची मोजणी करून त्याचे निदान होत नाही, हे त्यात असावे. औषधे बऱ्याच जणांना उपयोगी पडतात, सर्वांना पडत नाहीत, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती आपल्या मनाने अचानक बंद करायची नसतात, हे असावे. बोलण्यावर आधारित उपचार हाही उपचारच आहे, हे असावे. गोळे कॉलनीच्या औषध बाजारातून घाऊक घेतलेली गोळी किरकोळ दुकानदाराने जुन्या चिठ्ठीवर महिनोन्‌महिने देत राहणे कायद्यात बसत नाही, हेही असावे. आणि खाली, ठळक अक्षरांत, टेलिमानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा क्रमांक असावा: १४४१६.